पेटीतलं बेट

एक धावपट्टी डोळ्यांसमोर आणा. विमानतळ म्हटल्यावर जे जे मनात येतं, ती काचेची इमारत, ते सरकते जिने, त्या चाकांच्या बॅगा, ते सगळं बाजूला ठेवा. नुसती एक आखूड डांबरी पट्टी. एका टोकाला समुद्र. दुसऱ्या टोकाला इतकं दाट जंगल, की आत शिरलेली गाय दोन पावलांत दिसेनाशी व्हावी. कडेला पत्र्याची शेड, बांबूच्या टोकावर वाऱ्यानं फुगणारी लाल-पांढरी कापडी पिशवी आणि हातानं फिरवायचा एक भोंगा. झाला विमानतळ.

आता त्या पट्टीच्या कडेला नऊ वर्षांची एक मुलगी उभी करा. तिच्या हातात बापाचं फौजेतलं घड्याळ आहे. मनगट एवढंसं, म्हणून ते घसरून कोपरापाशी गेलंय. एका हातात गुरं हाकायची काठी. दुसऱ्या हाताच्या मुठीत बोटभर लांबीचा पांढरा दोरा.

दिसली? तिचं नाव वैजयंता हिंदुराव काटकर. सगळे वैजू म्हणायचे. तिच्या शेजारी जो सडपातळ, चष्मेवाला मास्तर उभा आहे, तो मी. चाळीस वर्षांपूर्वीचा.

"नऊ वाजून पंधरा मिन्टं," वैजूनं कोपरावरचं घड्याळ वाचलं. मग मूठ उघडून दोऱ्याच्या मधोमध नख ठेवलं. "गुरुजी, आता आई निम्म्यात आली."

"आली," मी म्हणालो.

ते बेट म्हणजे ग्रेट निकोबार. आपल्या देशाचं अगदी दक्षिणेचं टोक तिथं आहे, कन्याकुमारीच्याही खाली. सरकारनं निवृत्त फौजींना तिथं जमिनी देऊन वसवलं होतं. पंजाबी होते, तमिळ होते, आणि आपल्याकडचेही होते. हिंदुराव काटकर त्यांतलाच, साताऱ्याकडचा. जंगल तोडून त्यानं नारळ लावले, घर बांधलं, आणि वैजू तिथंच जन्मली. मीही साताऱ्याचाच. शाळेत वर्गात हिंदी चालायची, वर्गाबाहेर ज्याची त्याची भाषा. त्यामुळे काटकरांच्या घरी माझं जाणं-येणं जास्त.

वैजूची आई शेवंताबाई बाळंतपणाला अडली, तेव्हा तिला वायुदलाच्या छोट्या विमानातून कार निकोबारच्या दवाखान्यात हलवलं. तेही एक बेटच. तिथली धावपट्टी आणि आमची धावपट्टी, मध्ये नुसतं पाणी. जहाजानं जायचं तर दिवस जायचा, आणि जहाज रोज थोडंच असतं. वैजूनं आईला चादरीत गुंडाळून विमानात चढवताना पाहिलं. दार लागलं, विमान उडालं, ठिपका झालं, संपलं. त्यानंतर तेवीस दिवस काही दिसलं नाही.

मग पोलिसांच्या वायरलेसवर निरोप आला. आई आणि मुलगी दोघी ठीक. मंगळवारी सकाळी नवाला विमान सुटेल.

सोमवारी शाळा सुटल्यावर वैजू वर्गातच बसून राहिली.

"गुरुजी, कार निकोबार किती लांब हाय?"

हा प्रश्न ऐकून मास्तराला काय आनंद होतो, ते मास्तर झाल्याशिवाय कळायचं नाही. मी तिला भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं. तो भारताचा मोठा नकाशा मी साताऱ्याहून गुंडाळी करून आणला होता. रेल्वे, मग जहाज, मग दुसरं जहाज. वाटेत त्याचा डावा कोपरा भिजून फाटला होता. मी भाताच्या पेजेनं कागदाची एक पट्टी वरून चिकटवली होती.

त्या नकाशाचा कागद कन्याकुमारीच्या जरा खालीच संपायचा. आमचं बेट त्यात मावत नव्हतं. म्हणून छापणाऱ्यानं अंदमान-निकोबारची सगळी बेटं उचलून डाव्या कोपऱ्यात, अरबी समुद्राच्या निळ्या रंगावर एक पेटी आखून त्यात ठेवली होती. मुंबईच्या खाली! वैजूनं याबद्दल मला पहिलीतच छेडलं होतं.

"गुरुजी, आपण पेटीत का?"

"जपून ठेवायच्या वस्तू पेटीतच ठेवतात ना?"

"मग सातारा का न्हाई ठेवला पेटीत?"

यावर मी हसलो होतो.

सोमवारी मात्र मी जोरात होतो. शिवणाचा पांढरा दोरा घेतला. पेटीतल्या एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत ताणला, तेवढाच कापला, पट्टीवर ठेवला.

"वाच."

"पाच सेंटीमीटर, चार मिलीमीटर."

"आता नकाशाचं प्रमाण बघ. इथं, तळाशी."

"एका सेंटीमीटरला पंचवीस किलोमीटर." तिनं पाटीवर गुणाकार मांडला. जीभ बाहेर, डोळे बारीक. "एकशेपस्तीस!"

"शाबास. आणि हे विमान तासाला जातं साधारण दोनशे सत्तर किलोमीटर. वैमानिकानंच मला सांगितलंय."

तिला भागाकारही करावा लागला नाही. "म्हंजी निम्मा तास. आर्धा घंटा!"

"नवाला सुटलं तर?"

"साडेनवाला आई!" तिनं माझ्या हातातला दोरा घेतला आणि मुठीत धरला. तेवीस दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "एवढुसंच तर हाय."

त्या रात्री मी फार खूश होऊन झोपलो. मुलांनो, मास्तर खूश होऊन झोपला की त्याची वही पुन्हा तपासावी.

*

तर मंगळवार. सव्वानऊला वैजूनं गाई हाकल्या. आमच्या पट्टीची ती रीत होती. वस्तीतल्या गाई डांबरावर उबेला येऊन बसायच्या, आणि ज्याचं माणूस विमानात असेल, त्या घरानं त्या हाकायच्या. वैजू काठी घेऊन पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली. पाच गाई आणि एक वासरू जंगलाच्या कडेला घालवून, धापा टाकत परत आली.

हिंदुराव शेडच्या सावलीत उकिडवा बसला होता. पासष्टच्या लढाईत खांद्यात गोळी घेतलेला माणूस. नवीन सदरा घातला होता, घडीच्या रेघा तशाच.

"गुरुजी, आर्ध्या घंट्याचं नक्की ना?"

"गणितच आहे, हिंदुराव."

"मग झालं. गणितापुढं आपली अडाणी बुद्धी काय चालती व्हय."

भोंगा सांभाळायला करनैलसिंग होता. त्यालाही मी अभिमानानं सांगितलं, की साडेनऊला भोंगा वाजवायला तयार राहा. त्यानं दाढी खाजवली. "मास्टरजी, वायरलेसवाले तिकडून सुटल्याचं मला थोडंच कळवतात. मेरा तो एकही हिसाब. आवाज आया, भोंपू बजाया."

साडेनऊ झाले.

समुद्राच्या बाजूला आकाश स्वच्छ होतं. एकही ठिपका नाही. वैजू पट्टीच्या टोकाशी टाचा उंचावून उभी. मी तिच्या मागं.

नऊ बत्तीस. नऊ पस्तीस.

"वारा उलटा असेल," मी म्हणालो. "पाचेक मिनिटं इकडंतिकडं."

तिनं मान हलवली.

नऊ चाळीस.

"सुटायलाच उशीर झाला असेल गं."

ती वळली. "गुरुजी, काल तुम्ही वाऱ्याचं सांगितलं न्हवतं. उशिराचं बी न्हवतं सांगितलं."

मागं शेडमध्ये हिंदुराव बिडी पेटवत होता. पहिली काडी विझली. दुसरी विझली. शेडच्या आडोशाला वारा लागत नव्हता. तिसऱ्या काडीला मी नजर दुसरीकडं वळवली.

मी करनैलसिंगला विचारायला गेलो, की वायरलेसच्या खोलीवर कोणी जाऊन येईल का. तो म्हणाला, बॅटरी कालपासून उतरली आहे. आमचं हे बोलणं होईतो चार मिनिटं गेली असतील. परत वळलो, तर पट्टीच्या टोकाशी नुसती काठी पडली होती.

"वैजू!"

हिंदुराव उठला. मी म्हणालो, "तुम्ही इथंच थांबा, विमान आलं तर कोणी असायला हवं. मी बघतो."

ती कुठं गेली असेल हे मला कसं कळलं, ते आजही सांगता येत नाही. मी धक्क्याकडं पळालो. तिथं होड्या असतात.

*

धक्क्यावर बंदर खात्याची एका खोलीची कचेरी होती. तिथं कुबल असायचे. आबा कुबल, मालवणचे, आयुष्य बोटीवर गेलेलं. उन्हानं रापलेला चेहरा आणि तोंडात सदा सुपारी. मी दारात पोचलो तेव्हा वैजू त्यांच्या टेबलासमोर उभी होती, आणि कुबल चष्मा कपाळावर सारून तिच्याकडं बघत होते.

"मास्तर, बरे इलात," ते म्हणाले. "ह्यां चेडू होडी मागता. आवशीक शोधूक दर्यात जातला म्हणता."

आईला शोधायला निघालेली वैजू माझ्याकडं वळली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं तळहातावर तो दोरा सरळ ठेवला होता.

"गुरुजी, निम्म्याच्या ह्या बाजूला पडलं असतं, तर आपल्याला आवाज आला असता. म्हंजी निम्म्याच्या पलीकडं पडलंय." तिनं दोऱ्यावर नख ठेवलं. "ह्या दोऱ्यावर कुठं शोधायचं, सांगा. आबा म्हणत्यात, नेमकं ठिकाण ठाव असल्याबिगर होडी काढता येत न्हाई."

आदल्या दिवशी तिला मी जे शिकवलं होतं, ते सगळं तिनं चोख वापरलं होतं. अंतर, वेग, वेळ. एकही पायरी चुकली नव्हती. आणि ती त्या पायऱ्या उतरत उतरत समुद्राच्या तळाशी आईला शोधायला निघाली होती.

"खंयचो दोरो?" कुबलांनी विचारलं. "काय मोजलास काय?"

"कार निकोबार," मी म्हणालो. "एकशे पस्तीस किलोमीटर. विमान साडेनऊला यायला हवं होतं."

कुबलांची सुपारी थांबली. "किती?"

"एकशे पस्तीस."

"मास्तर, कार निकोबार रातोरात सरकान तुमच्या दारात इला की काय?" ते उठले. भिंतीवर दर्यावर्दी नकाशा टांगलेला होता, जवळजवळ सगळा पांढरा, खोलीच्या आकड्यांनी भरलेला, बेटं फक्त कडेकडेला. त्यांनी खणातून पितळी कर्कटक काढला. एक टोक वर टेकवलं, एक खाली, आणि तसाच उचलून नकाशाच्या कडेच्या मापावर नेला. "एकशे पंचेचाळीस मैल. दर्यातले. किलोमीटर तुम्ही करा, तुमका पाढे येतत."

मी भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या मागं पेन्सिलीनं गुणाकार केला. दर्यातला मैल आपल्या किलोमीटरपेक्षा मोठा, एक पूर्णांक पंच्याऐंशी.

दोनशे अडुसष्ट.

म्हणजे बरोबर दुप्पट.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेटी. पेटीचं प्रमाण वेगळं असतं. पेटी छोटी करायची म्हणून बेटं निम्मी करून छापलेली असतात, आणि तिचं माप तिच्याच कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिलेलं असतं. हे मला माहीत होतं. अध्यापक विद्यालयात मी हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. आणि सोमवारी एका मुलीला हसवायच्या घाईत मी भारताचं माप बेटांना लावून मोकळा झालो होतो. ते बारीक अक्षर आता कुठं होतं, तेही मला आठवलं. मी चिकटवलेल्या पट्टीखाली.

मी खाली बसलो. तिचे डोळे आणि माझे डोळे एका उंचीवर आले.

"वैजू, माझं चुकलं."

ती बघत राहिली. "गणित?"

"गणित तुझं होतं. ते बरोबर आहे. मोजलं मी, ते चुकलं. पेटीचं माप वेगळं होतं, आणि मी ते बघितलं नाही."

"तुम्ही?"

एवढंच म्हणाली ती. त्या एका शब्दानं मला जितकं लागलं, तितकं नंतर कुणा अधिकाऱ्याच्या बोलण्यानं लागलं नाही.

"मी. अंतर याच्या दुप्पट आहे. अर्धा तास नाही, पुरा एक तास लागतो."

"म्हंजी इमान पडलं न्हाई?"

हो म्हणावं, असं फार वाटलं. काल असतं तर म्हणालोही असतो.

"ते मला इथं बसून सांगता येणार नाही, बाळा. एवढंच सांगतो, की साडेनऊला ते आलं नाही याचा अर्थ काहीच होत नाही. तेव्हा त्याची यायची वेळच झाली नव्हती. हे नक्की. पुढचं मलाही बघायचंय."

तिनं दोरा मुठीत घेतला. घड्याळ कोपरावरून पुढं ओढलं. नऊ बावन्न.

"मग चला की," ती म्हणाली. "गाया परत आल्या असतील."

"पळा, पळा!" कुबल मागून ओरडले. "आणि मास्तर, पुढच्या खेपेक मोजूचा झाला तर हंयसर या! पुस्तकातलो नकाशो पुस्तकात ऱ्हवांदे!"

*

गाई खरंच परत आल्या होत्या. पाचही, वासरासकट, पट्टीच्या मध्यावर. वैजूनं काठी उचलली आणि पळत सुटली. मीही पळालो. चष्मा एका हातात, चप्पल कुठं तरी मागं. वर्गातली मुलं मला त्या अवस्थेत बघती तर त्यांना वर्षभर हसायला पुरतं.

परत आलो तेव्हा हिंदुराव शेडच्या खांबाला धरून उभा होता. मी त्याच्यासमोर गेलो.

"हिंदुराव, चूक माझी आहे. मी अंतर निम्मं मोजलं. विमान दहाच्या पुढंच यायचं होतं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा हात उचलेल, आणि उचलला तर मी तो चुकवणार नाही. त्यानं हातातली न पेटलेली बिडी खाली टाकली.

"गुरुजी," तो अगदी हळू म्हणाला, "ह्या आर्ध्या घंट्यात म्या तिला तीनदा सरणावर ठिवली वो."

तो बाजूला सरकला आणि त्यानं मला सावलीत जागा करून दिली.

दहा वाजले.

वैजू पट्टीच्या टोकाशी पुन्हा उभी होती. मी तिच्या शेजारी गेलो, पण थोड्या अंतरानं. दहा वाजून दोन. दहा वाजून चार. तिनं मला एकदाही काही विचारलं नाही. घड्याळही बघेना. ती वर बघत होती, पण आकाशाकडं नव्हे. बांबूवरच्या त्या लाल-पांढऱ्या पिशवीकडं. सप्टेंबरचा दक्षिणेचा वारा होता. पिशवी फुगून उत्तरेकडं शेपूट करून ताठ झाली होती.

"वारा इकडनं तिकडं चाललाय," ती पुटपुटली. मला नाही, स्वतःला. "आई तिकडनं इकडं येतीय. म्हंजी वाऱ्याच्या उलट. म्हंजी तासाला दोनशे सत्तर जायचं न्हाई. कमी जाईल." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अजून थोडं थांबाया पायजे."

"थांबू," मी म्हणालो.

दहा वाजून सात.

आधी करनैलसिंगनं ऐकलं. तो ताडकन उठला, कानामागं हात धरला, आणि भोंग्याच्या दांड्याला लटकला. भोंगा आधी कण्हला, मग रडला, मग साऱ्या बेटाला ऐकू जाईल असा ओरडू लागला. त्या आवाजात आम्हाला विमानाचा आवाज ऐकूच येईना. आधी दिसलं ते. निळ्यावर एक तीळ. मग माशी. मग पंख.

विमान पट्टीला टेकलं, उडी मारल्यासारखं एकदा उचललं, पुन्हा टेकलं, आणि आमच्यासमोर येऊन थांबलं. दार उघडलं. शेवंताबाई शिडीवर आली. वाळली होती, पण स्वतःच्या पायांवर होती. छातीशी निळ्या दुपट्यात एक गाठोडं.

हिंदुराव पुढं गेला. त्या दोघांचं काय बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. वैजू मात्र जागची हलली नाही. घड्याळाकडं बघत होती. मग शांतपणे चालत आईपाशी गेली.

"वैजे! एवढा घाम कशापायी गं?"

"गाया हाकल्या. दोनदा." तिनं आईच्या पदराचं टोक धरलं. "आई, एक तास नऊ मिन्टं लागली."

"लागली असतील, बया. मला तर वरीस वाटलं."

वैजूनं गाठोड्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आईच्या कमरेला मिठी मारून तिच्या पोटात तोंड खुपसलं, आणि आता कुठं तिचे खांदे हलायला लागले. आई विचारत राहिली, अगं, काय झालं, काय झालं. तिनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या घरात तो अर्धा तास कधी कुणी शेवंताबाईला सांगितला असेल, असं मला वाटत नाही.

*

त्या संध्याकाळी मी शाळेत जाऊन ओल्या बोटानं ती पट्टी भिजवून काढली. होतं खाली. मुंगीएवढं अक्षर. एका सेंटीमीटरला पन्नास किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू शाळेत उशिरा आली. ती कधी उशिरा यायची नाही. वर्ग भरला होता, सगळी मुलं तिच्याकडं बघायला लागली. तिच्या डाव्या तळहातावर पेनानं चार आकडे लिहिलेले होते.

"कुठं होतीस?"

"धक्क्यावर. आबांच्या नकाशावर बघून आले."

ती माझ्या टेबलापाशी आली, पट्टी घेतली, कोळशाचा तुकडा घेतला आणि स्टूल ओढून नकाशापाशी नेलं. मी तिला जागेवर बस म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

डाव्या कोपऱ्यातल्या पेटीकडं तिनं बघितलंही नाही. ती उजवीकडं गेली, जिथं बंगालच्या उपसागराचा नुसता निळा रंग होता. तळहात वाचला. नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांतली त्र्याण्णवची उभी रेघ शोधली, नवाची आडवी रेघ शोधली, आणि दोन्ही जिथं मिळतात, तिथून किंचित वर एक ठिपका दिला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं, कार निकोबार.

मग पुन्हा तळहात वाचला. चौऱ्याण्णवची उभी रेघ सापडली. पण सातची आडवी रेघ नव्हती. कागद आठाच्या जरा खाली संपत होता. मग तिनं नवाच्या आणि आठाच्या रेघांमध्ये पट्टी धरली, किती सेंटीमीटर ते मोजलं, आणि तेवढंच अंतर आठाच्या खाली घेतलं. पट्टी कागदाच्या कडेवरून घसरून भिंतीच्या पांढऱ्या फळीवर आली. तिथं, नकाशाच्या बाहेर, तीन बोटं खाली, तिनं कोळशानं आमचं बेट काढलं. खाली निमुळतं, वर रुंद, थोडं लांब झालं होतं. त्याच्या उजव्या कडेला एक ठिपका दिला. बाजूला लिहिलं, आपण.

मागची मुलं उठून पुढं सरकली.

मग खिशातून तिनं कालचा दोरा काढला. त्याच्याबरोबर एक नवा, लांब दोरा काढला. नव्या दोऱ्याचं एक टोक निळ्यावरच्या ठिपक्याला धरलं, कागदाची कड ओलांडून दुसरं टोक भिंतीवरच्या ठिपक्यापर्यंत ताणलं, आणि दातानं कापला. कापलेला दोरा मधोमध दुमडला आणि जुन्या दोऱ्याशेजारी धरला. दोन्ही अगदी सारखे.

तिनं दुमडलेला दोरा उलगडला, माझ्या टेबलावर सरळ ठेवला, आणि पट्टी माझ्या हातात दिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "आता तुम्ही मोजा."